शेकाची खोली

धाराशिव संपून माळ लागतो तिथं कॅन्सरचा एक दवाखाना आहे. ट्रस्टनं त्याला लांबलचक नाव दिलेलं, पण भूम-परांड्यापासून तुळजापूरपर्यंतची माणसं त्याला शेकाचा दवाखानाच म्हणतात. "आईला शेक चालू हायेत," असं एसटीत कुणी म्हणालं, की शेजारचा माणूस पुढं काही विचारत नाही; गुमान सरकून जागा करून देतो.

त्या शेकाच्या, म्हणजे किरणोपचाराच्या, मशीनवर हुमेरा नऊ वर्षं काम करत होती. पेशंटला टेबलावर नीट निजवायचं, मशीनचं डोकं बरोबर जागेवर आणायचं, बाहेर येऊन जाडजूड दार लावायचं आणि पडद्यावर पेशंटकडं बघत बटण दाबायचं. वेळ संपली की पुन्हा आत. दिवसाला चाळीसेक माणसं. त्यांतली निम्मी तोंडाच्या कॅन्सरची. तंबाखू, गुटखा, मशेरी. ती रोज येत, सहा-सात आठवडे येत, आणि मग एक दिवस यायची थांबत. बरी होऊन थांबली की कशी, ते हुमेराला बहुधा कळत नसे. सुरुवातीला ती चौकशी करायची. पुढं करेनाशी झाली.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. नव्या पेशंटांची यादी हातात घेऊन ती दारात आली आणि तिनं नाव पुकारलं, "चन्नम्मा गुरुलिंग हत्तरगे."

पदरानं गाल झाकलेली एक बाई उठली. तिचा दंड धरून एक म्हातारा उठला. 

"सर, तुम्ही?"

म्हाताऱ्यानं चष्मा वर केला, खाली केला. "हुमेरा? नबीलालची हुमेरा?"

गुरुलिंग सर धाराशिव जिल्ह्यातल्याच वाशीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. हुमेराचे वडील नबीलाल वाशीच्या बाजारात सायकली दुरुस्त करत. पोरगी बारावी झाली तेव्हा त्यांनी तिच्यासाठी स्थळ बघून ठेवलं होतं. सर तीन वेळा त्यांच्या दुकानावर गेले. तिसऱ्या वेळी पंक्चर काढणाऱ्या नबीलालसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "पोरीला दोन वर्षं द्या मला. सोलापूरला शिकू द्या. मग लग्नाला मीच वाढायला येतो." किरणांच्या मशीनवरचा हा कोर्स असतो, हेही त्यांनीच पेपरात वाचून शोधून काढलेलं. पुढं लग्नात ते खरंच वाढायला आले होते, धोतर खोचून.

आता ते बायकोचा दंड धरून तिच्यासमोर उभे होते. चन्नम्माकाकूच आधी बोलल्या. ऑपरेशननं अर्धा गाल गेला होता, शब्द तोंडातच चेंगरत होते. "मशेरी गं, पोरी. चाळीस वर्षं लावली. ह्यांनी लई सांगितलं, म्या ऐकलं न्हाय."

पहिला दिवस मुखवट्याचा असतो. जाळीचं प्लॅस्टिक गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवायचं, गार झालं की ते त्या माणसाच्या तोंडाच्या आकाराचं होतं. मग रोज तोच मुखवटा घालून चार खटक्यांनी डोकं टेबलाला जखडायचं, म्हणजे तसूभरही हलत नाही. काकूंना ते जखडणं सोसेना. पहिला खटका बसला तशी त्या "ब्याड, ब्याड" करत हुमेराचा हात ढकलायला लागल्या. माहेर मुरूमचं, कर्नाटकाच्या शिवेवरचं; घाबरल्या की त्यांच्या तोंडी कानडीच यायची.

"नको तर नको," हुमेरा म्हणाली आणि खटका सोडून त्यांच्या उशाशी बसली. "काकू, मी बाहेर गेले तरी तुमच्याशी बोलत राहीन. तिथं माईक आहे. माझा आवाज ऐकू येतोय तोवर काही भ्यायचं नाही. आणि अगदीच नको वाटलं तर नुसता हात वर करा. मी लगेच आत येते."

"नक्की?"

"नक्की."

तसं मग रोज चालू झालं. वाशीहून पहिल्या गाडीनं दोघं येत. काकूंना आत निजवून हुमेरा बाहेर बसे आणि माईकवर बोलत राही. सरांनी आज भाकरी थापली का पिठलं केलं, मुरूमच्या भावाचा फोन आला का, असलं काहीबाही. काकूंना उत्तर देता यायचं नाही, मुखवट्याआड फक्त डोळे हलायचे. एका बाजूनं दीड मिनिट, दुसऱ्या बाजूनं दीड मिनिट. तिसऱ्या आठवड्यात गाल आतून-बाहेरून सोलवटला. गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. तरी एक खाडा त्यांनी केला नाही.

एकदा मशीन मोकळं व्हायला वेळ होता, तिघं बाकावर बसली होती. काकू म्हणाल्या, "पोरी, एक इचारू? त्या मशीनमंदी हाय तरी काय? वीज हाय का?"

"अगं, गॅमा किरणं ती," सर सरसावले. "अणूचं केंद्रक जेव्हा..."

"तुमी गप बसा. जन्मभर तुमचंच ऐकत आले. तिला सांगू द्या."

हुमेराला हसू आलं. सरांच्या देखत हे सांगायचं म्हणजे पुन्हा फळ्यासमोर उभं राहायचं होतं. "वीज नाही काकू. वीज गेली तरी ते चालूच असतं. मशीनच्या डोक्यात जाड कवचाच्या आत एक डबी आहे, अंगठ्याच्या पेराएवढी. तिच्यात कोबाल्ट नावाच्या धातूचे दाणे आहेत. साधा कोबाल्ट गरीब असतो, कुणाला काही करत नाही. पण अणुभट्टीत ठेवला की त्याच्या अणूच्या पोटात एक जास्तीचा कण शिरतो. तो काही त्याला पचत नाही. मग आज ना उद्या तो अणू आपली जातच बदलतो, कोबाल्टचा निकेल होतो. निकेल झाला तरी अंगात ताप उरलेला असतो. तो ताप एका दमात बाहेर टाकतो, तेव्हा कुठं तो निवतो. ते जे बाहेर पडतं, ते हे किरण."

"पोटातनं येतंय म्हण की."

"पोटातनंच. अगदी गाभ्यातनं."

"आन् सांच्याला तुमी घरी जाता, तवा बंद करता?"

"बंद होतच नाही ते. एक अणू निवला की दुसरा, दुसरा निवला की तिसरा. वर्षानुवर्षं चालतं. पाच-सव्वापाच वर्षांनी जोर निम्मा होतो, एवढंच. आम्ही डबी पुढं सरकवतो आणि मागं ओढून घेतो. मागं गेली की ती झाकलेली असते."

काकूंनी त्या जाड दाराकडं बघितलं. "बिचारं," त्या म्हणाल्या.

सरांना आता राहवेना. "आभाळातूनही येतात बरं का. एखादा मोठा तारा मरतो ना, तेव्हा त्यातून जेवढं गॅमा निघतं तेवढं आपला सूर्य जन्मभरात काढायचा नाही. आपली हवा ते वरच्या वर अडवते म्हणून बरं."

"तारेबी मरतेत?"

"मरतात की."

काकूंनी पदर गालावर ओढून घेतला.

*

डिसेंबरातल्या एका शनिवारी हुमेराला कळलं, की आपल्याला दिवस गेलेत.

लग्नाला आठ वर्षं झाली होती. नवरा हाफिज एसटीच्या डेपोत मेकॅनिक. सोलापूरच्या डॉक्टरांकडं तीन वर्षं खेटे घालून झाले, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, सासूनं दर्ग्याला नवस बोलून झाले. मग कुणी काही बोलायचंच बंद केलं. शनिवारी सकाळी हुमेरा ती पट्टी हातात घेऊन मोरीतून बाहेर आली, तेव्हा हाफिज डेपोतून नुकताच आला होता. त्यानं पट्टीवरच्या दोन रेघा बघितल्या आणि ग्रीसनं माखलेले हात अंगापासून लांब धरून तसाच उभा राहिला, कुठंच हात लावता येईना म्हणून. मग तो भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा हसायला लागला.

"तीन महिने कुणाला सांगू नकोस," सासू फरिदाबी म्हणाल्या. "नजर लागते."

"दवाखान्यात सांगावं लागंल, अम्मी. नियम आहे. सांगितलं की मशीनवरनं काढून फायलींचं काम देतात."

"मग सोमवारी जाऊन आधी तेच कर."

सोमवारी ती साडेआठलाच उत्कर्षच्या खोलीत गेली. उत्कर्ष दवाखान्याचा भौतिकशास्त्रज्ञ. किरणांचा हिशोब त्याच्याकडं आणि सुरक्षेची जबाबदारीही त्याचीच. तो फोनवर कुणाशी तरी तावातावानं बोलत होता. ती डबी हवेच्या दाबानं पुढं-मागं सरकते. गेल्या आठवड्यापासून ती मागं जाताना क्षणभर रेंगाळत होती. त्यानं कंपनीला दोनदा कळवलं होतं. कंपनीचा माणूस गुरुवारी येणार होता. "गुरुवारपर्यंत काय करू मी?" तो फोनवर विचारत होता. त्यानं हुमेराला हातानंच "नंतर" अशी खूण केली.

मशीनवरचा दुसरा तंत्रज्ञ गोरोबा भाचीच्या लग्नासाठी दोन दिवस रजेवर होता. आत्ता सांगितलं तर मशीन बंद ठेवावं लागणार. बाहेर बाकांवर पहाटेच्या एसट्यांनी आलेली माणसं बसली होती. कुणी नाकात नळी घातलेलं, कुणी मान आखडलेलं. हुमेरानं विचार केला, दुपारी जेवायच्या सुट्टीत सांगू. दारापलीकडं बसून बटण दाबलं तर अंगावर काहीच येत नाही, हे तिनं स्वतः मीटर लावून कितीदा बघितलं होतं. तेवढ्यापुरती तिची काही चूक नव्हती.

त्या दिवशी चन्नम्माकाकूंचा चोविसावा शेक होता. अकरा वाजले असतील. पहिली बाजू झाली. दुसऱ्या बाजूची वेळ संपली, घंटी वाजली, घड्याळ शून्यावर आलं. पण दारावरचा लाल दिवा हिरवा झाला नाही.

हुमेरानं पुन्हा बघितलं. पडद्यावर आतल्या भिंतीवरचा छोटा दिवा लुकलुकत होता. म्हणजे आत किरण चालू होते. तिनं आणीबाणीचं तांबडं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. डबी पुढंच अडकली होती.

तिनं उत्कर्षला फोन लावला. तो पलीकडच्या इमारतीत होता. "आलोच! दोन मिनिटांत आलो!" तो म्हणाला, आणि फोन चालू ठेवूनच पळाल्याचा आवाज आला.

अशा वेळी काय करायचं ते भिंतीवर लिहिलेलं असतं. पेशंटला उठता येत असेल तर माईकवरून सांगायचं, उठा आणि बाहेर या. पण काकूंचं डोकं तर चार खटक्यांनी टेबलाला जखडलेलं.

हुमेराचा हात पोटावर गेला. तिला सगळं ठाऊक होतं. आत कुठून गेलं तर किती किरण अंगावर येतील, ते ठाऊक होतं. दोन मिनिटांत काकूंचं किती नुकसान होईल, तेही ठाऊक होतं. फार नव्हतं. एक शेक जास्तीचा झाल्यासारखं. सोलवटलेला गाल आणखी होरपळला असता, महिना-दोन महिने जास्त दुखला असता. जीव गेला नसता. उत्कर्ष येईपर्यंत माईकवर बोलत राहिली असती, तरी कुणी तिला नावं ठेवली नसती.

पण घंटी झाल्यापासून ती माईकवर बोललीच नव्हती. तेवढ्यात पडद्यावर काकूंचा हात वर आला. टेबलाच्या कडेवरून उठलेला तो हात हवेत तसाच थांबला, पंजा उघडा.

हुमेरानं दार उघडलं. आपण तसं ठरवलं, असं तिला नंतरही कधी म्हणता आलं नाही.

भिंतीच्या कडेनं, मशीनच्या पाठीमागून, किरणांच्या झोताबाहेर राहून ती टेबलाशी पोचली. पहिला खटका. दुसरा. तिसरा अडकला, नखानं उचकटला तेव्हा निघाला. चौथा. मुखवटा बाजूला फेकून तिनं काकूंच्या काखेत हात घातले, त्यांना आपल्याकडं ओढून उठवलं.

"झालं का?" काकू बोबड्या आवाजात म्हणाल्या.

"झालं. चला काकू, लवकर."

दार लागलं तेव्हा अडतीस सेकंद झाले होते. कॅमेऱ्याच्या घड्याळात ते नंतर मोजलं गेलं. मिनिटभरानं उत्कर्ष धापा टाकत आला, भिंतीवरची लोखंडी दांडी घेऊन आत शिरला आणि बाजूनं दांडी लावून त्यानं डबी मागं ढकलली. दिवा हिरवा झाला.

बाकावर बसलेले सर उभे राहिले होते. विज्ञानाचा मास्तर, त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. "चालू असताना आत गेलीस तू?"

"कडेनं गेले, सर."

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास," ते म्हणाले. दहावीच्या वर्गात गणित सुटल्यावर म्हणायचे तसंच.

दुपारी उत्कर्षनं घटनेचा कागद भरायला घेतला. तो एकेक प्रश्न वाचायचा आणि लिहायचा. वेळ, अंतर, कुठं उभं होतं. "महिला कर्मचारी असल्यास गरोदर आहे का... नाही," असं पुटपुटत त्यानं लिहूनही टाकलं.

"ते खोडा," हुमेरा म्हणाली.

त्यानं मान वर केली.  "हुमेराताई, मी दोन मिनिटांत आलो असतो."

"माहीत होतं मला."

"सकाळी तुम्ही हेच सांगायला आला होतात?"

तिनं होय म्हणून मान हलवली. उत्कर्षनं पेन खाली ठेवलं, आणि तो कागद त्या दिवशी भरायचा राहिला.

*

संध्याकाळी उत्कर्षनं मीटर घेऊन ती चालली तसं चालून हिशोब मांडला. किरणांच्या मापात पाऊण मिलिसिव्हर्ट. अंगावर पडलेले किरण मोजणारा छातीवरचा बिल्ला मुंबईला पाठवला होता, त्याचं उत्तर पाचव्या दिवशी आलं: शून्य दशांश सात. बाईडॉक्टर म्हणाल्या, याच्या शंभरपट असतं तर काळजी करायची. हुमेरालाही ते पाठ होतं. तिला कागदपत्रांच्या टेबलावर बसवण्यात आलं. ती फायली लावायची, तारखा लिहायची. काकूंना आता गोरोबा निजवत होता. कंपनीचा माणूस येऊन मशीन दुरुस्त करून गेला.

बाराव्या दिवशी दुपारी फाईल काढायला वाकली असताना तिच्या ओटीपोटात कळ आली. आया मथुराबाईनं तिला धरून मोरीपर्यंत नेलं. रक्त बघून मथुराबाईनं बाहेरून दार लावून घेतलं आणि ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. नववा आठवडा. इतक्या लवकर जे जातं त्याला ना नाव असतं, ना कबर.

"सहा-सात बायांत एकीचं असं होतं," बाईडॉक्टर तिच्या कॉटवर बसून म्हणाल्या. "बीजच धड नसतं. तुझ्या त्या किरणांचा यात काही संबंध नाही."

"तसं लिहून द्याल, मॅडम?"

"संबंध असायची शक्यता नाहीच म्हणायची. पण एकेकट्या गर्भाबद्दल असं छातीठोक लिहून देता येत नाही गं. तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. सगळ्यांपेक्षा तिलाच जास्त माहीत होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. दुसऱ्या कुणी बाईनं येऊन विचारलं असतं तर तिनंच समजूत घातली असती, आकडे मांडून दाखवले असते. स्वतःपुढं ते आकडे मांडले, की त्यांच्या मागून काहीतरी उरायचंच.

घरी फरिदाबी काही बोलल्या नाहीत. नजर लागली असंही नाही, नोकरी सोड असंही नाही. सुनेचं डोकं मांडीवर घेऊन त्या एवढंच म्हणाल्या, "रो ले बेटी." पण हुमेराला रडू येईना.

त्या सोमवारी आत काय झालं ते हाफिजला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर ती कपडे वाळत घालत होती, तेव्हा हाफिज वर आला. "उत्कर्षसाहेब किती लांब होते त्या वक्ताला?"

"दोन मिनिटांवर."

"मग तुला थांबता आलं नसतं?"

तिनं पिळलेली चादर दोरीवर टाकली. तो काय ऐकायला आला होता ते तिला दिसत होतं. नाही म्हटलं असतं तर तो पुढं काही न विचारता खाली गेला असता, आणि कदाचित निभावलं असतं.

"आलं असतं," ती म्हणाली.

 हाफिज जिना उतरून डेपोत गेला. त्या दिवसापासून तो कामापुरतं बोलू लागला. डबा दे, दार लाव, मी येतो. आवाज चढवला नाही की वाकडा शब्द काढला नाही. तसं काही केलं असतं तर हुमेराला बरं वाटलं असतं.

चन्नम्माकाकूंचे पस्तीस शेक पुरे झाले, त्या दिवशी त्यांनी मथुराबाईला खोदून खोदून विचारलं आणि सगळं काढून घेतलं. दवाखान्यातून दोघं थेट हुमेराच्या घरी आली. फरिदाबींनी त्यांना सतरंजीवर बसवलं. सरांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. वहीचं पान होतं. फळ्यावरच्या त्या ओळखीच्या, गोलसर अक्षरात बेरजा-भागाकार मांडले होते.

"हे बघ," सर म्हणाले. त्यांनी कागद तिच्यापुढं धरला. "जमिनीतून, आभाळातून, घराच्या भिंतींतून, आपल्या खाण्यातून, माणसाच्या अंगावर वर्षाला दोन-सव्वादोन मिलिसिव्हर्ट पडतातच. तुझे शून्य दशांश सात. म्हणजे चार महिने नुसतं घरी बसलं तरी पडतात तेवढेच. गणित बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे, सर."

"बरोबर आहे ना? तपासून बघ. मी दोनदा केलंय."  त्यांनी चष्मा काढला. "मी तुला शाबास म्हणालो गं. तुझ्या बापानं स्थळ आणलं होतं, मीच मोडता घातला. मीच तुला त्या खोलीत नेऊन उभं केलं."

"असं नका म्हणू, सर. मला तिथलंच काम आवडतं."

 काकू गुडघ्यांवर सरकत हुमेराजवळ आल्या. "माझ्याकडं बघ. खरं सांग. तू आली नसतीस, तर म्या मेले असते का?"

खोलीत सगळेच तिच्याकडं बघायला लागले.

"नाही, काकू."

"मग कशाला आलीस गं आत?"

"तुम्ही हात वर केला होता."

काकूंचं तोंड वेडंवाकडं झालं. त्यांनी दोन्ही हातांनी हुमेराचं डोकं ओढून आपल्या छातीशी धरलं आणि "यव्वा, माझी आय गं, यव्वा" असं म्हणत पुढं-मागं झुलायला लागल्या. फरिदाबी चहाचं पातेलं तसंच ठेवून चुलीपाशी बसून राहिल्या. चहा उतू गेला.

*

महिनाभरानं हुमेरा पुन्हा मशीनवर उभी राहिली. उत्कर्ष नको म्हणत होता. तीच म्हणाली, "गोरोबा एकटा किती करणार?"

काकू तपासणीला यायच्या तेव्हा भेटून जायच्या. मार्चात बऱ्या होत्या, मेमध्ये भाकरी कुस्करून खात होत्या. जुलैत मानेत गाठ आली. या वेळी डॉक्टरांनी शेक लिहिले नाहीत. घरी न्या म्हणाले. पोळ्यानंतर चार दिवसांनी सरांचा फोन आला. "हुमेरा, तुझी काकू गेली," ते म्हणाले. ती म्हणाली, "येते, सर."

हाफिजची सुट्टी होती. "मी नेतो," एवढं म्हणून त्यानं मोटारसायकल काढली.

वाशीला पोचले तेव्हा काकूंना बसवलेलं होतं. त्यांच्यात, लिंगायतांत, तसंच असतं, माणसाला मांडी घालून बसतं करून मातीत ठेवतात. कपाळभर विभूती, गळ्यात फुलं. डाव्या गालावर कुणीतरी पदर नीट ओढून दिला होता. गावाबाहेरच्या रानात खड्डा तयार होता. जंगमानं मंत्र म्हटले, तळहातावर लिंग ठेवलं, बेलाची पानं वाहिली. मग एकेक माणूस पुढं होऊन मूठमूठ माती लोटायला लागला. हाफिज बांधापाशी गाडीला टेकून उभा होता.

हुमेराची पाळी आली. ती वाकली, ओंजळभर माती घेतली, टाकली. पुन्हा वाकली. लोक मागं थांबले होते, तरी तिला बाजूला होता येईना. तिनं तिसऱ्यांदा ओंजळ भरली, आणि तेव्हा आठ महिने न आलेलं रडू तिला आलं. मातीत गुडघे टेकून ती हमसून हमसून रडायला लागली. आपण कुणासाठी रडतोय, हे तिला त्या घडीला सांगता आलं नसतं. सर पुढं होऊन तिच्या शेजारी बसले. कुणी तिला उठवायला आलं नाही.

थोड्या वेळानं बाजूला कुणीतरी वाकलं. हाफिज होता. त्यानं डोक्याला रुमाल बांधला होता. त्यानं दोन्ही हातांनी माती घेतली, सावकाश खड्ड्यात सोडली, आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

परतताना वाटेत येरमाळा लागलं. तिथं त्यानं चहासाठी गाडी थांबवली. टपरीसमोरच्या बाकड्यावर बसून तो कपातल्या चहाकडं बघत म्हणाला, "मी असतो तर मीबी गेलो असतो आत. तवाच म्हणायला पायजे होतं."

हुमेरानं मान डोलावली. ते ऐकून बरं वाटलं की नाही, तिचं तिलाच उमगेना. तिच्या ओढणीला वाळलेली माती लागली होती. ती झटकायला तिनं हात उचलला, आणि मग राहू दिली.